वारंवारता विभाजकांचे कला-संरेखन

वारंवारता विभाजकांचे कला-संरेखन म्हणजे एकाच मूळ क्लॉक संकेतापासून निरनिराळ्या विभाजक परिपथांनी तयार केलेल्या संकेतांच्या कला (फेज) परस्परांशी ठरावीक नात्यात ठेवण्याची क्रिया होय. हे नाते उपकरण दर वेळी सुरू केल्यावर तेच राहिले पाहिजे. वारंवारता विभाजक मूळ संकेताच्या ठरावीक संख्येइतक्या आवर्तनांमागे एक आवर्तन बाहेर देतो. त्याच्या निर्गत संकेताची वारंवारता अचूक असते, परंतु त्या संकेताचे आवर्तन मूळ संकेताच्या नेमक्या कोणत्या कडेपासून सुरू व्हावे हे केवळ विभाजनाने ठरत नाही. या अनिश्चिततेला कला-संदिग्धता म्हणतात.

अंकीय घड्याळे, दळणवळण यंत्रणा, उपग्रह मार्गनिर्देशन, वीजजाळ्याचे मापन आणि रेडिओ खगोलशास्त्र या सर्व क्षेत्रांत हा प्रश्न उद्भवतो. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप (जीएमआरटी) या दुर्बिणीत अनेक अँटेनांचे संकेत कलेसह एकत्र करावे लागतात. त्यामुळे तेथे कलेची स्थिरता हा निरीक्षणाचा पायाच आहे.

## मूळ तत्त्व

सर्वांत साधा विभाजक एका फ्लिप-फ्लॉपचा असतो. डी प्रकारच्या फ्लिप-फ्लॉपचे उलट निर्गत त्याच्याच आदानाला जोडले, तर क्लॉकच्या प्रत्येक चढत्या कडेला त्याची स्थिती बदलते. मूळ संकेताच्या दोन आवर्तनांत निर्गताचे एक आवर्तन पूर्ण होते, म्हणजे वारंवारता निम्मी होते. वीजपुरवठा सुरू होताना हा फ्लिप-फ्लॉप शून्य स्थितीत असेल की एक, हे निश्चित नसते. त्यामुळे निर्गत संकेत दोनपैकी कोणत्याही एका कलेत मिळू शकतो आणि या दोन कलांत १८० अंशांचे अंतर असते.

हेच तत्त्व कोणत्याही विभाजन संख्येला लागू होते. न ने भागणाऱ्या विभाजकाच्या निर्गताला न इतक्या कला शक्य असतात. लागोपाठच्या दोन शक्य कलांतील अंतर ३६० अंश भागिले न इतके असते. कालाच्या भाषेत ते मूळ संकेताच्या एका आवर्तनाइतके असते.

| विभाजन संख्या | शक्य कला | लागोपाठच्या कलांतील अंतर |
|---|---|---|
| २ | २ | १८० अंश |
| ४ | ४ | ९० अंश |
| ५ | ५ | ७२ अंश |
| १० | १० | ३६ अंश |

१० मेगाहर्ट्झच्या प्रमाण संकेतापासून दर सेकंदाला एक स्पंद मिळवायचा असेल, तर एक कोटीने भागावे लागते. अशा वेळी सेकंदाचा आरंभ एक कोटी वेगवेगळ्या ठिकाणी असू शकतो आणि लागोपाठची ठिकाणे १०० नॅनोसेकंद अंतरावर असतात. म्हणूनच अचूक आंदोलक असला तरी त्याच्यावर चालणारे घड्याळ बाहेरच्या वेळेशी एकदा तरी जुळवून घ्यावेच लागते.

### दोन विभाजकांचे परस्पर नाते

एकाच क्लॉकवर दोन विभाजक चालत असतील, तर त्यांच्यातील शक्य परस्पर नात्यांची संख्या दोन्ही विभाजन संख्यांच्या महत्तम साधारण विभाजकाइतकी (मसावि) असते. चारने भागणाऱ्या दोन परिपथांत चार नाती शक्य आहेत. चार आणि सहा यांनी भागणाऱ्या परिपथांत दोन नाती शक्य आहेत. दोन आणि तीन यांचा मसावि एक असल्याने त्या जोडीत नाते एकच असते. असे दोन विभाजक कोणत्याही स्थितीतून सुरू झाले तरी मूळ क्लॉकच्या सहा आवर्तनांत सर्व स्थिती एकदा येऊन जातात. मात्र त्यांच्या चढत्या कडा एकत्र येण्याचा क्षण बाहेरच्या वेळेच्या संदर्भात तरीही अनिश्चितच राहतो.

### गुणन आणि विभाजन यांतील फरक

पूर्णांकाने गुणताना कला-संदिग्धता निर्माण होत नाही. १० मेगाहर्ट्झपासून ५० मेगाहर्ट्झ तयार केल्यास मूळ संकेताच्या प्रत्येक चढत्या कडेला नव्या संकेताची एक चढती कड जुळते. मात्र १० पासून २५ मेगाहर्ट्झ तयार केल्यास गुणोत्तर पाच छेद दोन होते. मूळ संकेताचे एक आवर्तन म्हणजे नव्या संकेताची अडीच आवर्तने. त्यामुळे मूळ संकेताची कोणती कड आरंभ मानली यावर १८० अंशांचा फरक पडतो. गुणोत्तराच्या अतिसंक्षिप्त रूपातील छेद जितका, तितक्या कला शक्य असतात.

यावरून वितरणाचा एक नियम निघतो. अनेक ठिकाणी संदर्भ संकेत पाठवायचा असल्यास सर्व अपेक्षित वारंवारता ज्याच्या पूर्ण पटीत आहेत असा हळू संकेत पाठवला, तर संदिग्धता राहत नाही. परंतु वारंवारता न पट केली की कलेतील सूक्ष्म अस्थिरताही न पट होते. डेसिबलमध्ये ही वाढ दहापटीच्या गुणनाला २० डेसिबल इतकी असते. याउलट वेगवान संकेत पाठवून तो भागला, तर अस्थिरता त्याच प्रमाणात घटते, पण संदिग्धता येते. म्हणून प्रत्यक्षात बहुधा दोन्ही पाठवले जातात: सूक्ष्म अचूकतेसाठी वेगवान संकेत आणि आरंभ ठरवण्यासाठी हळू स्पंद.

## इतिहास

फ्लिप-फ्लॉपचा मूळ परिपथ विल्यम एक्लिस आणि एफ. डब्ल्यू. जॉर्डन यांनी १९१८ मध्ये निर्वात नळ्या वापरून तयार केला. बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन आणि जे. डब्ल्यू. हॉर्टन यांनी १९२७ मध्ये क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारे घड्याळ सिद्ध केले. स्फटिकाची कंपने घड्याळ चालवण्याच्या दृष्टीने फार जलद असल्यामुळे वारंवारता विभाजक हा अशा घड्याळाचा अपरिहार्य भाग ठरला. १९६९ मध्ये विक्रीस आलेल्या सेको अ‍ॅस्ट्रॉन या मनगटी घड्याळातील स्फटिक ८,१९२ हर्ट्झचा होता. ही संख्या म्हणजे दोनचा तेरावा घात होय. पुढे रूढ झालेली ३२,७६८ हर्ट्झ ही वारंवारता दोनचा पंधरावा घात आहे. दोनने भागणारे पंधरा टप्पे जोडले की सेकंदाला एक स्पंद मिळतो.

कला-संदिग्धता ही एरवी अडचण मानली जाते, परंतु जपानी शास्त्रज्ञ एइची गोतो यांनी १९५४ मध्ये तिचाच उपयोग केला. त्यांच्या पॅरामेट्रॉन या घटकात निम्म्या वारंवारतेच्या आंदोलनाच्या दोन शक्य कलांना शून्य आणि एक असे अर्थ दिले होते. या घटकांवर चालणारा पीसी-१ हा संगणक टोकियो विद्यापीठात १९५८ मध्ये तयार झाला.

## कला बिघडण्याची कारणे

### अनिश्चित आरंभस्थिती

वीजपुरवठा सुरू होताना फ्लिप-फ्लॉप कोणती स्थिती घेईल हे त्यातील ट्रान्झिस्टरांमधील सूक्ष्म फरक, तापमान आणि पुरवठ्याचा दाब चढण्याचा वेग यांवर अवलंबून असते. पुष्कळदा एखादा फ्लिप-फ्लॉप एकाच स्थितीकडे झुकलेला असतो. त्यामुळे प्रयोगशाळेत दहा वेळा योग्य कला मिळालेली मंडलपट्टी दुसऱ्या तापमानात किंवा दुसऱ्या वीजपुरवठ्यावर वेगळी वागू शकते.

### साखळी विभाजकातील विलंब

साखळी पद्धतीच्या विभाजकात प्रत्येक फ्लिप-फ्लॉपचे निर्गत पुढच्या फ्लिप-फ्लॉपचा क्लॉक म्हणून वापरले जाते. त्यामुळे प्रत्येक टप्प्याचा विलंब साठत जातो. एका टप्प्याचा विलंब १० नॅनोसेकंद धरल्यास चार टप्प्यांनंतर तो ४० नॅनोसेकंद होतो. १० मेगाहर्ट्झच्या मूळ संकेताच्या तुलनेत हा फरक १४४ अंशांचा आहे. हा विलंब तापमानानुसार बदलतो, त्यामुळे एकदा मोजून वजा करणे पुरेसे ठरत नाही. समकालिक विभाजकात सर्व फ्लिप-फ्लॉपांना एकच क्लॉक मिळतो, त्यामुळे विलंब एकाच टप्प्याइतका राहतो.

### रीसेट सोडण्याचा क्षण

सर्व विभाजकांना एकाच वेळी रीसेट केले की ते जुळतील, अशी समजूत सर्रास आढळते. रीसेट लागू करताना अडचण येत नाही. ती येते रीसेट सोडताना. सोडण्याचा क्षण क्लॉकच्या कडेच्या अगदी जवळ आला, तर काही फ्लिप-फ्लॉप त्याच कडेला चालू होतात आणि काही पुढच्या कडेला. अशा रीतीने दोन विभाजकांत एका आवर्तनाचा फरक कायमचा पडतो. रीसेट सुटल्यानंतर क्लॉकची कड येईपर्यंत किमान जो अवधी जावा लागतो, त्याला पुनःप्राप्ती काल म्हणतात. हा अवधी पाळला गेला नाही, तर फ्लिप-फ्लॉप काही काळ शून्य आणि एक यांच्यामधील अस्थिर स्थितीतही राहू शकतो.

### सुटलेली किंवा जादा कड

वीजपुरवठ्यातील झटका, केबलमधील परावर्तन किंवा क्लॉक बदलताना निर्माण होणारा अरुंद स्पंद यांमुळे विभाजक एखादी कड चुकवतो किंवा एक जास्त मोजतो. अशा घटनेनंतर वारंवारता पूर्ववत दिसते, पण कला सरकलेली असते. केवळ वारंवारता मोजणाऱ्या उपकरणाला हा दोष समजत नाही.

## संरेखनाच्या पद्धती

### समकालिक रीसेट

रीसेट संकेत प्रथम त्याच क्लॉकवर चालणाऱ्या लागोपाठच्या दोन फ्लिप-फ्लॉपांतून नेतात आणि मग सर्व विभाजकांना देतात. त्यामुळे रीसेट सुटण्याचा क्षण क्लॉकच्या कडेशी बांधला जातो. हा संकेत प्रत्येक विभाजकापर्यंत क्लॉकच्या एका आवर्तनाच्या आत पोहोचणे आवश्यक असते. महाविद्यालयीन प्रयोगशाळांतून परिचित असलेल्या ७४१६१ आणि ७४१६३ या गणकांतील मुख्य फरक हाच आहे: ७४१६१ मध्ये क्लिअर आदान क्लॉकची वाट न पाहता लागू होते, तर ७४१६३ मध्ये ते क्लॉकच्या कडेलाच लागू होते. कला-संरेखनासाठी दुसरा प्रकार अधिक सोयीचा ठरतो.

### समकालन स्पंद

विभाजक वेगवेगळ्या मंडलपट्ट्यांवर असतील, तर मूळ क्लॉकसोबत एक स्वतंत्र समकालन स्पंद पाठवतात. प्रत्येक पट्टीवर तो स्पंद क्लॉकच्या कडेवर टिपला जातो आणि त्या क्षणी विभाजक शून्यावर आणला जातो. अनेक अनुरूप-अंकीय परिवर्तक एकत्र चालवण्यासाठी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जेईएसडी २०४ बी या मानकात असा सिसरेफ नावाचा संकेत निश्चित केला आहे. हा संकेत ठरावीक अवधीने पुन्हा पुन्हा येत असल्यास त्याचा आवर्तकाल सर्व विभाजित संकेतांच्या आवर्तकालांच्या पूर्ण पटीत असावा लागतो; नाहीतर प्रत्येक स्पंद आधी साधलेले संरेखन मोडतो.

स्पंद टिपण्याचा क्षण क्लॉकच्या दोन कडांच्या मधोमध असणे इष्ट असते. १०० मेगाहर्ट्झला त्यासाठी १० नॅनोसेकंदांची जागा मिळते, तर १ गिगाहर्ट्झला केवळ १ नॅनोसेकंदाची. म्हणून वेगवान यंत्रणांत क्लॉक आणि समकालन स्पंद यांच्या तारांची लांबी काळजीपूर्वक जुळवावी लागते.

### फेज-लॉक्ड लूपमधील विभाजक

फेज-लॉक्ड लूप आपल्या आंदोलकाचा भागलेला संकेत संदर्भ संकेताशी जुळवतो. अंतिम विभाजक या वेटोळ्याच्या बाहेर असल्यास त्याची कला लूपला दिसत नाही आणि संदिग्धता कायम राहते. तोच विभाजक वेटोळ्याच्या आत घेऊन त्याच्या निर्गताची तुलना संदर्भाशी केली, तर निर्गत आपोआप संदर्भाशी जुळते. या रचनेला शून्य-विलंब रचना म्हणतात. अशा वेळी संदर्भ संकेत लूपमध्ये येण्याआधी भागलेला नसावा; अन्यथा संदिग्धता दुसऱ्या मार्गाने परत येते.

### मूळ क्लॉकवर पुन्हा टिपणे

विभाजकाचे निर्गत मूळ क्लॉकवर चालणाऱ्या आणखी एका फ्लिप-फ्लॉपमधून नेले की साखळीत साठलेला विलंब आणि त्यातील चढउतार नाहीसे होतात. या उपायाने कडांचे बारीक संरेखन साधते. न शक्य कलांपैकी कोणती मिळाली हा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. त्यासाठी वरीलपैकी एखादी पद्धत सोबत लागतेच.

## जीएमआरटीमधील उपयोजन

जीएमआरटी ही दुर्बीण पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळील खोडद येथे आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभारली. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांपैकी १४ मध्यवर्ती भागात सुमारे एक किलोमीटरच्या परिसरात आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारातील तीन भुजांवर पसरल्या आहेत. सर्वांत दूरच्या दोन अँटेनांतील अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे.

ही दुर्बीण व्यतिकरणमापक पद्धतीने चालते. प्रत्येक दोन अँटेनांच्या संकेतांचा गुणाकार करून त्यांच्यातील कलांतर मोजले जाते आणि त्यावरून आकाशातील स्रोताची प्रतिमा तयार होते. ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात. एका अँटेनाच्या संकेताची कला अचानक १८० अंशांनी बदलली, तर त्या अँटेनाचा सहभाग असलेल्या २९ जोड्यांत गुणाकाराचे चिन्ह उलटते.

मूळ रचनेत अँटेनाकडे आलेला संकेत तेथेच स्थानिक आंदोलकाच्या साहाय्याने ७० मेगाहर्ट्झवर आणला जाई आणि दोन ध्रुवणांचे संकेत १३० आणि १७५ मेगाहर्ट्झवर प्रकाशीय तंतूंतून मध्यवर्ती इमारतीत पाठवले जात. सर्व स्थानिक आंदोलक केंद्रातून तंतूंवाटे येणाऱ्या समान संदर्भाशी बांधलेले असत. स्थानिक आंदोलकाच्या कलेतील बदल आकाशातून आलेल्या संकेतात जसाच्या तसा उतरतो. त्यामुळे दूरच्या अँटेनाजवळील संश्लेषकात असलेला प्रत्येक विभाजक हा अशा बदलाचा संभाव्य उगम असतो.

उन्नत जीएमआरटीत संकेत मूळ वारंवारतेवरच तंतूंतून केंद्रात येतो आणि पुढील रूपांतर तेथे होते. त्यामुळे स्थानिक आंदोलक आणि क्लॉक यांची जुळणी एकाच इमारतीत करता येते. या यंत्रणेत ४०० मेगाहर्ट्झपर्यंतच्या पट्टरुंदीचे अंकीकरण होते आणि पुढील प्रक्रिया एफपीजीए व ग्राफिक्स प्रोसेसर यांच्यावर केली जाते.

एवढ्या पट्टरुंदीसाठी सेकंदाला किमान ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. म्हणजे दोन नमुन्यांत १.२५ नॅनोसेकंदांचे अंतर असते. एफपीजीए इतक्या वेगाने चालत नसल्याने अशा यंत्रणांत नमुन्यांचा क्लॉक भागून वापरतात. चारने भागल्यास एकाच क्लॉकवर चालणाऱ्या दोन पट्ट्या एक, दोन किंवा तीन नमुन्यांनी सरकलेल्या असू शकतात. एका नमुन्याचे सरकणे पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कलेत १८० अंशांचा उतार निर्माण करते. हा उतार न काढता संपूर्ण पट्टीची सरासरी घेतली, तर खरा संकेत मोठ्या प्रमाणात पुसला जातो. म्हणून अशा यंत्रणांत दर सेकंदाच्या स्पंदाने सर्व पट्ट्यांचा आरंभ बांधला जातो.

### अंशशोधन आणि त्याची मर्यादा

स्थिर राहणारे कलांतर नंतर दुरुस्त करता येते. त्यासाठी थ्रीसी ४८, थ्रीसी १४७ आणि थ्रीसी २८६ यांसारख्या परिचित स्रोतांचे निरीक्षण केले जाते आणि मुख्य निरीक्षणाच्या मध्ये थोड्या थोड्या वेळाने जवळचा एखादा अंशशोधक स्रोत पाहिला जातो. तापमानामुळे तंतूंच्या विलंबात होणारा संथ बदल या पद्धतीने काढता येतो. दोन अंशशोधनांच्या मध्ये विभाजकाची कला उडी मारून बदलली, तर उडीचा नेमका क्षण माहीत नसल्यामुळे त्या काळातील त्या अँटेनाची नोंद बहुधा वगळावी लागते. वीज जाऊन यंत्रणा पुन्हा सुरू झाल्यावर प्रत्येक विभाजक पूर्वीच्याच कलेत आला, तर आधीचे विलंबांचे मूल्य उपयोगी पडते. तसे नसल्यास जुळणी नव्याने करावी लागते.

## अन्य उपयोग

* उपग्रह मार्गनिर्देशन: नाविक या भारतीय प्रणालीतील एल५ पट्ट्याची ११७६.४५ मेगाहर्ट्झ ही वारंवारता १०.२३ मेगाहर्ट्झच्या ११५ पट आहे, तर तिच्या नागरी संकेतावलीचा दर १.०२३ मेगाहर्ट्झ, म्हणजे त्याच मूळ वारंवारतेचा दहावा भाग आहे. १०.२३ मेगाहर्ट्झचे एक आवर्तन सरकल्यास वेळेत सुमारे ९७.७५ नॅनोसेकंदांचा फरक पडतो. तेवढ्या वेळात प्रकाश सुमारे २९.३ मीटर जातो.
* वीजजाळ्याचे मापन: दूरदूरच्या उपकेंद्रांतील विद्युतदाबाची कला एकाच क्षणी मोजण्यासाठी उपग्रहाकडून मिळणारा सेकंदाचा स्पंद वापरतात. ५० हर्ट्झला एका मायक्रोसेकंदाची चूक ०.०१८ अंशांची असते.
* काटकोनी संकेत: रेडिओ ग्राहकांत ९० अंशांच्या अंतराचे दोन संकेत लागतात. दोन फ्लिप-फ्लॉपांच्या जॉन्सन गणकातून ते चारने भागून मिळतात. आरंभस्थिती कोणतीही असली तरी या दोन संकेतांतील पुढे-मागेपणा बदलत नाही. बदलते ती फक्त दोघांची मिळून कला. मात्र अशा दोन ग्राहकांची तुलना करायची असल्यास त्यांच्या गणकांचे संरेखन आवश्यक ठरते.

## चाचणी

संरेखनाची चाचणी घेताना ऑसिलोस्कोपचा ट्रिगर सर्वांत हळू संकेतावर ठेवावा लागतो. वेगवान मूळ संकेतावर ट्रिगर ठेवल्यास विभाजित संकेताच्या सर्व कला पडद्यावर एकावर एक उमटतात आणि कलेविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

एकदा योग्य कला दिसणे हा पुरावा नव्हे. दोनने भागणाऱ्या, संरेखन नसलेल्या विभाजकात दोन्ही कला सारख्याच संभाव्य असल्या, तर दहा वेळा सुरू करून दहाही वेळा तीच कला मिळण्याची शक्यता ५१२ मध्ये १ असते. फ्लिप-फ्लॉप एका स्थितीकडे झुकलेला असल्यास ही शक्यता पुष्कळच वाढते. म्हणून वीजपुरवठा अनेकदा बंद-चालू करून, भिन्न तापमानांत आणि समकालन स्पंदाचा क्षण मुद्दाम पुढे-मागे सरकवून चाचणी घेतात. स्पंद किती सरकल्यावर कला बदलते हे मोजले की यंत्रणेकडे किती सुरक्षित अवकाश शिल्लक आहे ते कळते.

## हे सुद्धा पहा

* फ्लिप-फ्लॉप
* फेज-लॉक्ड लूप
* क्वार्ट्झ घड्याळ
* जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप
* गोविंद स्वरूप